दवंडी, वेस आणि जासूद : दूरच्या यंत्राला जाळे कसे शोधते?

१/
गारगोटी म्हटले की इतिहासप्रेमींना डिसेंबर १९४२ आठवतो. भूमिगत क्रांतिकारकांनी इथल्या कचेरीवर चाल केली आणि त्या संघर्षात सात जण हुतात्मे झाले. हल्ल्यासाठी कचेरीच का निवडली गेली? तालुक्याच्या कचेरीत सरकारचा खजिना असे, दप्तर असे आणि खेड्याखेड्यांतून आलेला प्रत्येक धागा तिथेच गाठीला बांधलेला असे. कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, वेदगंगेच्या खोऱ्यात वसलेले गारगोटी आजही भूदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे.

२/
अशा प्रत्येक केंद्रापुढे एक जुनाच प्रश्न असतो : आपल्या परिघात कोण कोण आहे आणि आज नव्याने कोण आले, हे केंद्राला कळायचे कसे? संगणकांच्या जाळ्यापुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहिला. डोंगराकडेच्या ग्रामपंचायतीत कोणी एक पेटी प्रकाशतंतूला जोडतो आणि काही क्षणांत दूरच्या केंद्राला तिचा क्रमांक कळतो, अंतरही कळते. कोणी फोन केलेला नसतो, कोणी अर्ज भरलेला नसतो. हे कसे शक्य झाले, त्याचा हा इतिहास.

३/
जुन्या मराठी खेड्याजवळ या प्रश्नाचे एक उत्तर होते : दवंडी. ज्याचे नाव ठाऊक आहे पण घर ठाऊक नाही, अशा माणसाला शोधायचे तर चावडीपासून वाजतगाजत हाक द्यायची. सगळे ऐकतात, ज्याचे काम आहे तोच पुढे येतो. पद्धत साधी आणि खात्रीची. मात्र तिला दोन मर्यादा होत्या. एका माणसासाठी साऱ्या गावाला हातचे काम थांबवून ऐकावे लागे. आणि दवंडी वेशीपाशी संपे. पलीकडच्या गावातल्या माणसाला ती ऐकू जाणे शक्यच नव्हते.

४/
म्हणून गावगाड्यात आणखी माणसे होती. वेशीवरचा वेसकर येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवी आणि परका दिसला की पाटलाला वर्दी देई. कुलकर्ण्याच्या दप्तरात नोंद होई. वेशीपलीकडे निरोप न्यायला जासूद असे. हाक, पहारा, नोंद आणि निरोप अशी ही चार कामे होती. यातले वेसकराचे काम जन्माने महारांवर लादलेले होते. गावात शिरणारा प्रत्येक जण ज्याच्या नजरेखालून जाई, त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीबाहेर असे. कोणाला ओळखायचे आणि कोणाला आत घ्यायचे, हा प्रश्न केवळ सोयीचा कधीच नव्हता.

५/
एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आले. एकाच तारेवर अनेक कचेऱ्या जोडलेल्या असत आणि तारेवरची कटकट प्रत्येक कचेरीत ऐकू येई. प्रत्येक कचेरीला सांकेतिक अक्षरे दिलेली असत. तारमास्तर आपली अक्षरे कानी पडेपर्यंत बाकीचे सारे सोडून देई. ही विजेच्या तारेवरची दवंडीच होती. मात्र कोणत्या कचेरीची अक्षरे कोणती, याची यादी आधी छापून प्रत्येकाच्या हाती द्यावी लागे. नवी कचेरी उघडली तरी यादीत तिचे नाव येईपर्यंत इतरांच्या लेखी ती अस्तित्वातच नसे.

६/
संगणकांचे जाळेही आधी याच यादीच्या वाटेने गेले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत ‘आरपानेट’वरून पहिला संदेश गेला. जाळ्यातल्या सर्व संगणकांची नावे आणि पत्ते पुढे एकाच फाइलीत लिहिले जाऊ लागले. ती फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती सांभाळीत. नवा संगणक जोडायचा तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचे, मग नोंद व्हायची आणि बाकीच्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. जगातल्या साऱ्या जाळ्याचे कुलकर्णीपण एका कार्यालयाकडे होते.

७/
संगणक थोडे होते तोवर हे चालले. संख्या वाढली तशी यादी रोज जुनी होऊ लागली. यंत्र जागा बदले, पण पत्ता जुनाच राही. एकच नाव दोघे मागत. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची नोंद एका ठिकाणी न ठेवता विभागून ठेवण्याची व्यवस्था मांडली. ‘डीएनएस’ या नावाने ती आजही चालते. नावावरून पत्ता शोधणे त्यामुळे सोपे झाले. पण कालपर्यंत नसलेले आणि आजच जोडलेले यंत्र आपणहून ओळखायचे कसे, हा प्रश्न तसाच उरला. त्याचे उत्तर यादीत सापडणार नव्हते, त्यासाठी पुन्हा हाकेकडे वळावे लागणार होते.

८/
हाकेचे शास्त्र हवाई बेटांवर घडले. १९७१ मध्ये नॉर्मन एब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात ‘अलोहानेट’ सुरू केले. दूरची यंत्रे रेडिओलहरींवरून मध्यवर्ती संगणकाशी बोलत. सर्वांची लहर एकच. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच कळत नसे. त्यांनी काढलेला उपाय आश्चर्य वाटावे इतका सोपा होता. बोलणे पोहोचल्याची पावती आली नाही, तर प्रत्येकाने थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा बोलायचे. किती थांबायचे ते ठरवून नव्हे, सोडतीने. दोघांच्या वाट्याला बहुधा वेगवेगळा वेळ येतो आणि पुढच्या खेपेस टक्कर टळते.

९/
हाच विचार १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी तारेवर आणला. त्याचे नाव ‘ईथरनेट’. एका तारेवर अनेक यंत्रे आणि प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेला स्वतःचा क्रमांक, अशी त्याची रचना स्थिर झाली. त्यात एक विशेष पत्ता राखून ठेवलेला होता : ‘सर्वांसाठी’. त्या पत्त्यावर पाठवलेले बोलणे तारेवरचे प्रत्येक यंत्र ऐके. दवंडीला यंत्रयुगात अधिकृत जागा मिळाली ती इथे.

१०/
नोव्हेंबर १९८२ मध्ये डेव्हिड प्लमर यांनी ‘एआरपी’ नावाचा एक लहानसा संकेत लिहिला. त्यात एक यंत्र सर्वांना विचारते, “अमुक पत्ता कोणाचा?” ज्याचा असेल ते यंत्र उत्तर देते, “माझा; माझा क्रमांक असा.” विचारणारे ते काही काळ लक्षात ठेवते, नंतर विसरते आणि गरज पडली की पुन्हा विचारते. या विसरण्यात शहाणपण आहे. छापील यादीचा दोष असा की ती चुकीची झाल्यावरही आत्मविश्वासाने तेच सांगत राहते. विसरणाऱ्या यंत्राला पुन्हा विचारावे लागते, आणि विचारले म्हणूनच नवे उत्तर मिळते.

११/
पुढची अडचण अधिक बिकट होती. नव्या यंत्राला स्वतःचाच पत्ता ठाऊक नसेल तर? परगावाहून आलेल्या माणसाला आपण कोणत्या आळीत उतरायचे हेच माहीत नाही, अशी ती अवस्था. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ हा संकेत मांडला. त्यातूनच ऑक्टोबर १९९३ मध्ये राल्फ ड्रॉम्स यांच्या पुढाकाराने ‘डीएचसीपी’ जन्मला. आज घरातला मोबाइल वायफायला जोडला जातो तेव्हा दर वेळी हाच संकेत चालतो.

१२/
त्यातला संवाद चार वाक्यांचा आहे.
नवे यंत्र : “इथे पत्ते देणारे कोणी आहे का?”
व्यवस्थापक : “आहे. हा पत्ता मोकळा आहे, चालेल का?”
नवे यंत्र : “चालेल. तोच द्यावा.”
व्यवस्थापक : “दिला. पण मुदतीपुरता.”
या चौथ्या वाक्यातली मुदत महत्त्वाची. पत्ता इनाम मिळत नाही, तो भाडेपट्ट्याने मिळतो. मुदत सरत आली की यंत्राला पुन्हा विचारावे लागते. जे विचारत नाही ते निघून गेले असे समजून पत्ता दुसऱ्याला देता येतो.

१३/
इथवरचे सारे एका वेशीच्या आतले झाले. ‘दूरच्या’ यंत्राची खरी कहाणी वेशीपाशी सुरू होते. दोन जाळ्यांना जोडणारा ‘राउटर’ दवंडी पलीकडे जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक खेड्याची दवंडी जगभर वाजत राहिली असती. मग पलीकडच्या नव्या यंत्राची हाक व्यवस्थापकापर्यंत कशी जाणार? बूटपीच्या कर्त्यांनी वेशीवर एक जासूद नेमला. तो आतली हाक ऐकतो, ती कोणत्या वेशीवरून आली त्याची खूण तिच्यावर करतो आणि नेमक्या पत्त्यावर पोहोचवतो. उत्तरही त्याच वाटेने परत येते.

१४/
भारतात या काळात काय चालले होते? १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. मुंबईतील जुहूची ‘एनसीएसटी’ ही संस्था आणि तिचे संचालक डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा त्यात पुढाकार होता. एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली, ती याच सुमारास. एक यंत्र ठरल्या वेळी दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई, त्याच्याकडची घेई आणि फोन ठेवी. अशा जोडणीत ‘शोध’ नव्हताच. कोणाला, कोणत्या क्रमांकावर, किती वाजता फोन लावायचा, हे माणसाने आधी हाताने लिहून ठेवावे लागे.

१५/
१९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेपर्यंत सेकंदाला ९,६०० बिट वाहून नेणारी कायमची तार मिळाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. फोन लावला की पलीकडून पत्ता मिळे, तोही तेवढ्या जोडणीपुरता. म्हणजे यंत्राला पत्ता आपोआप मिळण्याची सोय महानगरात आली. पण त्यासाठी आधी चालणारा टेलिफोन हवा होता आणि खेड्यांत मोठी उणीव नेमकी त्याचीच होती.

१६/
या उणिवेवरचा एक मोठा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातच झाला. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेचा सहकारी समूह त्यात एकत्र आले होते. गावागावांत संगणक-केंद्रे उघडली. उसाचे वजन, बिल, तोडीची पाळी, खताचा हिशेब अशी माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा हेतू होता. साखर कारखान्याचे दप्तर खेड्याच्या उंबऱ्याशी आणण्याचा हा यत्न होता.

१७/
पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी या केंद्रांचा अभ्यास केला. गावातला संगणक मुख्यतः गाव आणि कारखाना यांच्यात ऊसविषयक आकडे नेण्याआणण्यासाठीच वापरला जातो, असे त्यांना आढळले. मग काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. काम तेच झाले, खर्च मात्र घटला. २००७ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोडणी टिकवण्याचा भार गावातल्या संगणकावरून उतरून मोबाइलच्या जाळ्याने उचलला, असे या प्रयोगाकडे पाहता येते. कारण आपले यंत्र कुठे आहे, हे शोधण्याची कला त्या जाळ्याच्या अंगातच होती.

१८/
भारतात ३१ जुलै १९९५ रोजी मोबाइलवरून पहिले संभाषण झाले. मोबाइलचे जाळे दोन दप्तरे ठेवते : एक घरचे आणि एक पाहुण्यांचे. मुंबईत घेतलेला फोन गारगोटीच्या स्टँडवर उतरून सुरू केला की तो आधी जवळच्या मनोऱ्याची घोषणा ऐकतो आणि मग ‘मी इथे आलो’ अशी वर्दी देतो. इथल्या पाहुण्यांच्या दप्तरात नोंद होते आणि घरच्या दप्तराला निरोप जातो. नंतर त्याला कोणी फोन केला, तर साऱ्या देशात हाक मारावी लागत नाही. ज्या टापूत नोंद आहे तेवढ्याच टापूतल्या मनोऱ्यांवरून दवंडी पिटली जाते.

१९/
तारेच्या बाजूनेही खेड्याकडे एक वाट निघाली होती. १९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने ‘सी-डॉट’ ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. खेड्यातली धूळ, उष्मा आणि लहरी वीज सोसेल असे १२८ जोडण्यांचे टेलिफोन केंद्र तिने घडवले. त्याला वातानुकूलनही लागत नसे. जुलै १९८६ मध्ये असे पहिले केंद्र सुरू झाले ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला, राणी चन्नम्मेच्या गावी. याच संस्थेने पुढे प्रकाशतंतूंच्या जाळ्यासाठी यंत्रणा तयार केली आणि ती देशभरच्या ग्रामपंचायतींच्या कामी आली.

२०/
ती योजना म्हणजे ‘भारतनेट’. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याला मान्यता दिली. २०१५ मध्ये त्याला हे नाव मिळाले. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेणे हे उद्दिष्ट. पहिल्या टप्प्याच्या आराखड्यात तालुका पातळीवरच्या टेलिफोन केंद्रात ‘ओएलटी’ हे मुख्य यंत्र आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत ‘ओएनटी’ ही छोटी पेटी होती. म्हणजे गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावाला पुन्हा एकदा धाग्यांच्या गाठीची जागा मिळाली. या पद्धतीचे नाव ‘जीपॉन’. तिचे आंतरराष्ट्रीय मानक २००३-०४ मध्ये तयार झाले.

२१/
जीपॉनचे जाळे झाडासारखे असते. मुख्य यंत्रातून एक तंतू निघतो. वाटेत ‘स्प्लिटर’ नावाचा काचेचा फाटा त्यातला प्रकाश अनेक फांद्यांत वाटतो. फाट्याला वीज लागत नाही, त्यामुळे तो रस्त्याकडेला मुकाट राहू शकतो. खाली येणारा प्रकाश सर्व गावांना मिळतो, म्हणजे केंद्राचे बोलणे ही दवंडीच. अडचण वर जाण्याची. सगळ्या फांद्या एकाच खोडाला मिळतात. दोन गावे एकदम बोलली तर प्रकाश प्रकाशात मिसळून जातो. म्हणून प्रत्येक गावाला बोलण्याचा क्षण नेमून दिलेला असतो. पण नव्या गावाला अजून क्षणच मिळालेला नाही. त्याने बोलायचे कधी?

२२/
यासाठी केंद्र अधूनमधून सर्वांना गप्प करते. ही शांतता सुमारे २५० मायक्रोसेकंदांची, म्हणजे सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतकी असते. तेवढ्यात केंद्र विचारते, “ज्यांची नोंद झालेली नाही त्यांनी आपला क्रमांक सांगावा.” नवी पेटी लगेच उत्तर देत नाही. काही मायक्रोसेकंदांचा विलंब ती सोडतीने निवडते आणि मग बोलते. वीज परत आल्यावर दहा पेट्या एकदम जाग्या झाल्या, तरी सगळ्यांची टक्कर होऊ नये म्हणून ही योजना. हवाई बेटांवरचा १९७१ चा उपाय इथे काचेच्या तंतूत पुन्हा भेटतो.

२३/
त्यानंतरची पायरी विलक्षण आहे. तंतूत प्रकाश एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद घेतो. २ किलोमीटरवरच्या गावाचे उत्तर जाऊनयेऊन २० मायक्रोसेकंदांत मिळते, १८ किलोमीटरवरच्या गावाचे १८० मध्ये. केंद्र उत्तराला लागलेल्या वेळेवरून प्रत्येकाचे अंतर मोजते आणि प्रत्येकाला थांबण्याचा वेगळा हिशेब देते. जवळच्या गावाने १६० मायक्रोसेकंद अधिक थांबायचे, दूरच्याने नाही. परिणामी केंद्राच्या लेखी सगळी गावे एकाच अंतरावर येतात. दूरच्याला वेग देणे निसर्गनियमाने अशक्य होते, म्हणून जवळच्याला थांबवून बरोबरी साधली गेली. जिथे सारी पळापळ वेगासाठी चालते, तिथे हे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२४/
मात्र ओळख पटणे आणि प्रवेश मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अशा जाळ्यात नव्या पेटीचा क्रमांक केंद्राकडच्या मान्य यादीशी ताडून पाहता येतो. क्रमांक यादीत नसेल तर पेटी ‘सापडलेली, पण मंजूर नसलेली’ अशी थांबून राहते. जबाबदार माणसाने होकार दिला की मगच तिला सेवा मिळते. वेसकराने वर्दी द्यावी आणि निर्णय पाटलाने घ्यावा, तशीच ही विभागणी. ज्या ज्या ठिकाणी ती विसरली गेली, त्या त्या ठिकाणी फसगत झाली आहे.

२५/
मराठ्यांच्या इतिहासाने ही फसगत पाहिली आहे. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा तोतया पुढे आला, त्याला अनेक जण सामील झाले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. प्लमर यांच्या एआरपीतही ‘तो मीच’ म्हणणाऱ्याकडे पुरावा मागण्याची सोय नव्हती. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जाळ्यासाठी ते लिहिलेले होते. अनोळखी माणसे त्याच तारेवर आल्यावर तोतयांचे फावले. दुसऱ्याचा पत्ता आपला म्हणून सांगायचा आणि त्याची पत्रे वाटेतच वाचायची, ही युक्ती आजही शिकवली जाते आणि अडवलीही जाते.

२६/
याहून मोठे संकट सोयीच्या पोटी आले. घरातली यंत्रे एकमेकांना आपोआप शोधोत, यासाठी १९९९ च्या सुमारास ‘यूपीएनपी’ नावाचे संकेत आले. छपाईयंत्र, टीव्ही, राउटर सारे हाकेला ओ देऊ लागले. ही हाक घराच्या वेशीआतच राहणे अपेक्षित होते. २०१३ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी इंटरनेटवरून तीच हाक दिली, तेव्हा आठ कोटींहून अधिक पत्त्यांवरून उत्तर आले. वेस उघडी होती आणि घरातली माणसे रस्त्यावरच्या कोणत्याही हाकेला ओ देत होती.

२७/
२०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने उघड्या वेशींचा पुरेपूर फायदा घेतला. ती स्वतःच दूरची यंत्रे शोधत फिरे : कॅमेरे, राउटर, चित्रमुद्रक. कारखान्यातून आलेले आणि कोणी न बदललेले साठेक पासवर्ड ती लावून पाही. जे उघडे ते तिचे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा हजारो यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील एका नाव-पत्ता सेवेवर हल्ला केला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. शोधण्याची कला हल्लेखोरालाही तितकीच येते. घरचा राउटर आणल्या दिवशीच त्याचा पासवर्ड बदलावा, या साध्या सल्ल्यामागे हा इतिहास आहे.

२८/
आता पुन्हा त्या डोंगराकडेच्या पंचायतीकडे. पेटी एकदा सापडली म्हणजे काम संपत नाही. वीज गेली की ओएनटी आपल्या पोटात उरलेल्या थेंबभर विजेवर केंद्राला एक शेवटचा निरोप पाठवू शकते. अभियंते त्याला ‘अखेरचा श्वास’ म्हणतात. हा निरोप मिळाला तर केंद्राला कळते की गावात वीज नाही, तंतू शाबूत आहे. निरोपाविना पेटी गप्प झाली तर तंतू तुटल्याचा संशय घ्यायचा. एकच गाव गप्प असेल तर फांदी पाहायची, सगळी एकदम गप्प झाली तर खोड. सह्याद्रीच्या पावसात माणूस कुठे पाठवायचा, हे अशा खुणांवरून ठरवता येते.

२९/
झाडाच्या रचनेतले दुखणेही इथेच दिसते. एक फांदी तुटली की त्या गावाला दुसरी वाट नाही. रस्ता रुंद करताना किंवा जलवाहिनी टाकताना फावड्याचा एक घाव पुरे होतो. पेटी भिंतीवर असते, योजनेच्या कागदांवर ते गाव ‘जोडलेले’ असते आणि केंद्राच्या पडद्यावर मात्र ते गप्प असते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच झाडाऐवजी कड्याची रचना स्वीकारली गेली. एका बाजूने तंतू तुटला तर दुसऱ्या बाजूने वाट उरते. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही त्यात आली.

३०/
या पन्नासेक वर्षांत शोधाचा भार हळूहळू हलला. आधी दूरच्याने केंद्राकडे जाऊन आपले नाव यादीत घालून घ्यायचे होते. आता केंद्राने थांबून, शांतता करून, ‘अजून कोणी राहिले आहे का’ असे विचारायचे असते. गारगोटीला १९५२ मध्ये डॉ. जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभारले तेव्हा शिक्षणाच्या बाबतीत हीच दिशा होती : खेड्याने शहराकडे जायचे नाही, विद्येने खेड्याकडे यायचे. जाळ्यातला हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. भाडेपट्ट्याची मुदत दर खेपेस नव्याने सरते, तंतू दर पावसाळ्यात कुठेतरी तुटतो आणि केंद्राला पुन्हा पुन्हा तीच हाक द्यावी लागते.

(समाप्त)